गोवरीवरचा हुरडा

'व्हीगन' हा शब्द मराठीत येऊन फार वर्षे झाली नाहीत, आणि त्यास साजेसा प्रतिशब्दही अद्याप कोणी रूढ केलेला नाही. 'शाकाहारी' म्हणावे, तर आपल्या शाकाहारात दूध, दही, तूप, ताक यांचा केवढा तरी भरणा. पुष्कळ घरांतून शाकाहाराची प्रतिष्ठाच तुपाच्या धारेवरून मोजली जाते. व्हीगन मनुष्यास यांपैकी काहीच चालत नाही. त्यास मध वर्ज्य, रेशीम वर्ज्य, कातड्याची वहाणही वर्ज्य. १९४४ साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन व त्यांचे मूठभर सहकारी यांनी, शाकाहारी म्हणविणारी मंडळी दूधदुभत्याचा प्रश्न काढू देत नाहीत हे पाहून, आपला निराळा संघ स्थापिला, आणि 'व्हेजिटेरियन' या शब्दाची इंग्रजीतील पहिली तीन व शेवटची दोन अक्षरे जोडून ही संज्ञा बनविली. शब्दाचा मधला भाग गळाला, त्याबरोबर दूधही गळाले.

भारत सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२२ साली व्हीगन अन्नासंबंधी स्वतंत्र नियम केले व त्यासाठी वेगळे चिन्ह ठरवून दिले. तेव्हा चार तरुणांची लहर म्हणून हा विषय उडवून लावण्याचे दिवस आता गेले. मुंबई-पुण्याकडे अशा पदार्थांच्या जत्रा भरतात. मोटारीतच चूल थाटलेल्या गाड्या ओळीने उभ्या राहतात, आणि लोक पानाऐवजी कागदी द्रोण हाती धरून एका गाडीपासून दुसरीपर्यंत हिंडत जेवतात. आमच्या परभणीकडे अशी मोठी जत्रा भरल्याचे ऐकिवात नाही. परंतु गेल्या पौषात, मूळचे याच भागातले पण नोकरीनिमित्त पुण्यास राहणारे काही तरुण-तरुणी एकत्र जमले, आणि पिंगळीच्या शिवारात त्यांनी एक दिवसाचा व्हीगन हुरडा योजिला. स्वयंपाकाची एक मोटारगाडीही त्यांनी सोबत आणली होती. त्यांच्या निमंत्रणपत्रिकेचा आशय असा होता की, व्हीगन हा शब्द जन्मास येण्यापूर्वीपासून मराठवाड्याचा शेतकरी व्हीगनच आहे, आणि हुरडा हे त्याचे प्रमाण होय. कोणत्याही पत्रिकेतील असे ठाम विधान आम्हास स्वस्थ बसू देत नाही. आम्ही तो दिवस तेथे घालविला, आणि खाल्लेल्या अन्नाबरोबरच त्या विधानाचीही येथे थोडी चिकित्सा करीत आहो.

पिंगळी हे परभणीहून पूर्णेस जाणाऱ्या लोहमार्गावरील गाव. जमीन काळी, कापसाची. पावसाळी पिकात आता सोयाबीनचे राज्य, आणि ते निघाल्यावर मागाहून हरभरा व शाळू. पौषातल्या सकाळी त्या शिवारात उभे राहिले म्हणजे कमरेच्या वर शाळूची ताटे, त्यांच्या पलीकडे तुरीचा पिवळट पट्टा, आणि पाखरे हाकणाऱ्याची एखादी लांबवर आरोळी, एवढेच काय ते. दाणा दुधाने भरून नुकताच घट्ट होऊ लागला, पण अजून वाळला नाही, अशा थोड्या दिवसांतच हुरडा साधतो. आठवडा चुकला तर दाणा निबर होतो. बांधालगत खड्डा खणून आगटी पेटविलेली होती. निखाऱ्यांत कणसे खुपसावयाची, फिरवीत राहावयाची, हिरवा रंग किंचित करपू लागला की बाहेर काढून तळहातावर चोळावयाची, सुपात फुंकर मारून कोंडा उडवावयाचा, आणि चटके बसत असतानाच मूठ तोंडात टाकावयाची. हे काम करणाऱ्या दोघी बायांचे हात इतके सराईत होते की त्यांच्यापुढे मोटारगाडीतील टोपीधारी आचारी फार केविलवाणा दिसत होता.

हुरड्यासोबत जवसाची, कारळाची, तिळाची आणि शेंगदाण्याची अशा चार चटण्या होत्या; लसूण घालून कुटलेला हिरव्या मिरचीचा ठेचा होता; गूळ, बोरे, उसाच्या कांड्या आणि हरभऱ्याचे डहाळे होते. या पंगतीस आम्ही काय नाव ठेवणार! कारळाच्या चटणीचा तो किंचित कडवट, तेलकट उग्रपणा आणि हुरड्याची कोवळी गोडी यांचा मेळ ज्याने प्रथम बसविला, त्यास रससिद्धांत कोणी शिकविलेला नव्हता. परंपरेने हुरड्याशेजारी दह्याचे वाडगे असते, ते मात्र तेथे नव्हते. त्याऐवजी शेंगदाण्याच्या दुधास विरजण लावून केलेला एक पदार्थ होता. दही म्हणून तो फसलेला होता; चटणीत कालवून घेतला तेव्हा फार चांगला लागला. आपल्या नावाने पुढे आला असता तर त्यास कोणी नावे ठेविली नसती.

हाच दोष मोटारगाडीतील पदार्थांत अधिक ठळक दिसला. कच्च्या फणसाचे तंतू मसाल्यात परतून त्यांस मटणाचे रूप दिलेले होते, आणि ते पावात घालून मिळत होते. जुन्या रंगभूमीवर एके काळी परक्या नाटकांची रूपांतरे इतकी बोकाळली होती की पात्रांची नावे देशी, वस्त्रे देशी, आणि बोलणे-चालणे मात्र लंडनच्या दिवाणखान्यातले. फणसाच्या त्या मटणात आम्हास त्या नाटकांचा वास आला. ज्याने मांस टाकले त्यास मांसाच्या सोंगाची एवढी ओढ का असावी, हा प्रश्न आम्ही एका तरुणास विचारला. तो म्हणाला की हे सोंग आमच्यासाठी नव्हे, काल मांस खाऊन आज सोडू पाहणाऱ्यासाठी आहे. उत्तर प्रामाणिक आहे आणि त्यात तथ्य आहे. तथापि ज्या पंगतीत तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी आणि ज्वारीची भाकरी सहज मांडता येते, तेथे फणसास हे सोंग घ्यावयास लावणे म्हणजे घरचे नाटक असताना रूपांतर लावण्यासारखेच होय.

दुपारच्या सुमारास एक छोटासा प्रसंग घडला, आणि आमच्या मते त्या दिवसातील सर्व मर्म त्यात होते. मंडळींतील एक मुलगी बराच वेळ आगटीकडे पाहत उभी होती. तिने शेताच्या मालकांस विचारले, "काका, ह्या गोवऱ्या शेणाच्याच ना?" म्हातारे हसले. "ताई, गोवरी शेणाचीच असती. पऱ्हाटीचा जाळ भडकतो अन् लगेच विझतो. हुरड्याला निखारा पाहिजे, मंद. तो गोवरीचाच." मुलगी गप्प झाली, पण तिने पुढे हुरडा खाल्ला नाही. तिच्या सोबत्यांनी तिची थट्टा केली. आम्हास ती थट्टा आवडली नाही. पत्रिकेतील विधानाकडे त्या दिवशी गांभीर्याने पाहणारी ती एकटीच होती.

कारण गोवरी काढून घेतली की हुरडा भाजता येत नाही, आणि बैल काढून घेतला की शाळू पेरण्यास फारसे कारण उरत नाही. ही गोष्ट शहरी वाचकांस थोडी उलगडून सांगितली पाहिजे. रब्बी ज्वारीचे पीक आमच्याकडे दोन तोंडांसाठी घेतले जाते. वरचे कणीस माणसाचे, खालचे ताट जनावराचे. शेतकरी वाण निवडताना दाण्याची चमक जशी पाहतो तशीच कडब्याची उंची व गोडीही पाहतो. परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेला 'परभणी मोती' असो की आणखी कोणता वाण असो, कडबा कमी देणारी ज्वारी गावात टिकत नाही. कडब्यावर बैल पोसावा, बैलाने नांगर ओढावा, त्याच्या शेणाने काही जमीन भरावी आणि काही चूल पेटावी, असे हे चक्र होते. लाल कंधारी जातीची जनावरे या चक्रासाठीच नावाजलेली. गाय दूध बेताचेच देणार, पण तिचा गोऱ्हा काळ्या जमिनीत औत ओढणार. हुरड्यात दुधाचा थेंब नसेल. जनावराचा घाम मात्र त्याच्या प्रत्येक दाण्यात आहे. व्हीगन मत केवळ ताटातील पदार्थांपुरते नाही. जनावराकडून काम घेणे हेही त्यास मान्य नाही. मग त्या मताच्या कसोटीस हा हुरडा उतरतो कसा?

येथे कोणी म्हणेल की हे चक्र आता मोडलेच आहे. ते खरे आहे, आणि आमच्या दृष्टीने हीच अधिक गंभीर बाब होय. २०१२ व २०१९ या दोन पशुगणनांच्या दरम्यान देशातील गाईंची संख्या सुमारे १८ टक्क्यांनी वाढली, आणि त्याच काळात बैल, वळू व गोऱ्हे यांची संख्या सुमारे ३० टक्क्यांनी घटली. सात वर्षांत तीसांनी घट! निसर्ग तर कालवडी व गोऱ्हे जवळजवळ सारखेच जन्मास घालतो. नांगर ट्रॅक्टरकडे गेला, दूध तेवढे बाजारात उरले, आणि ज्याच्या खांद्याचे काम संपले तो शिवारातून नाहीसा झाला. बैलास जुवातून मोकळे करावे ही व्हीगन मंडळींची इच्छा अशा रीतीने पूर्ण होत आहे. मात्र ती करुणेने पूर्ण झाली नाही, डिझेलने झाली. २०१५ साली महाराष्ट्रात गोवंशहत्याबंदीचा कायदा बैल व वळू यांस लागू झाला. त्या कायद्याच्या बाजूने वा विरुद्ध लिहिण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु कसायास विकण्याची वाट बंद झाली, आणि म्हाताऱ्या बैलास पोसण्याची वाट कोणी उघडून दिली नाही, एवढे तर कोणत्याही खेड्याच्या वेशीवर उभे राहून दिसते. ज्यांच्या शेतात आम्ही हुरडा खाल्ला त्यांनीही आपली जोडी दोन वर्षांपूर्वी मोडली. त्या दिवशीच्या गोवऱ्या शेजाऱ्याकडून विकत घेतलेल्या होत्या.

पत्रिकेतील विधानाची दुसरी बाजू इतिहासाची. आपले पूर्वज व्हीगन होते, असे म्हणावयाचे तर कोणाचे पूर्वज, हे आधी सांगितले पाहिजे. लातूर व धाराशिव या भागांत मार्गशीर्षाच्या अमावास्येस वेळ अमावास्या साजरी होते. सारे गाव शेतात जाऊन जेवते. अनेक डाळी-दाणे व पालेभाज्या एकत्र शिजविलेली भज्जी, बाजरीचे उंडे, अशी ती पंगत. सर्व पदार्थ भूमीचे. पण त्या पंगतीचा प्राण म्हणजे मडक्यातील अंबील, आणि अंबील ताकाची. तेव्हा सुखवस्तू कुणब्याचा सण व्हीगन नव्हता. ज्याच्या घरी ताकही नव्हते, त्याची भाकर मिरची-मिठाशी खाल्ली जात असे. तिला व्हीगन म्हणणे म्हणजे उपाशी माणसाच्या पोटास एकादशीचे पुण्य चिकटविणे होय. आणि ज्यांस गावाने शिवारातील मेलेले ढोर ओढून नेण्याचे काम लावून दिले होते, त्यांच्या चुलीवर काय शिजत असे, हे तर आमच्या पांढरपेशा पाकशास्त्रांनी कधी लिहिलेच नाही. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातील महार व मांग समाजांची खाद्यसंस्कृती नोंदविली. वाळवून ठेवलेल्या मांसाच्या चान्या, रक्त, आतडी, कोणताच भाग वाया न घालविणारे ते शास्त्र वाचताना मध्यमवर्गीय वाचकाची मान अवघडते, आणि ती अवघडावी हेच त्या पुस्तकाचे यश आहे. मराठवाड्याचे अन्न म्हणजे हुरडा आणि चार चटण्या, असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावे. आमच्या तरुण मित्रांपैकी कोणीही ते वाचलेले नव्हते.

असो. एवढे लिहिल्यावर आमचे नेहमीचे वाचक समाधानाने चहाचा पेला पुढे ओढतील, आणि एक परदेशी खूळ बरे उघडे पाडले असे म्हणतील. त्यांनी त्या पेल्यात किंचित पाहावे. त्यात दूध आहे. व्हीगन मंडळींचा जो आक्षेप खरोखर जिव्हारी लागणारा आहे तो याच दुधासंबंधी होय, आणि त्यास आपल्या शिष्ट समाजाने आजवर उत्तर दिलेले नाही. व्यायल्याविना गाय-म्हैस दूध देत नाही. जे वासरू वा रेडकू जन्मते त्यांपैकी निम्मे नर. गाडी-नांगर होता तोवर गोऱ्ह्यास किंमत होती. विदेशी संकराच्या गाईचा गोऱ्हा तर उन्हात औतासही फारसा टिकत नाही. नर रेडकाची कथा त्याहून जुनी. त्यास पोटभर पाजण्यात मालकाचा तोटा, म्हणून ते पाजले जात नाही, आणि काही दिवसांत गोठा मोकळा होतो. सुरी कोणी उचलली नाही, म्हणून पापही कोणास लागत नाही! वर दिलेल्या पशुगणनेच्या आकड्यांतील तीस टक्के घटीपैकी पुष्कळशी घट आपल्या सकाळच्या पिशवीतून घरी येते, हे म्हणणे कठोर आहे. ते खोटे ठरविणे मात्र आम्हास जमलेले नाही.

हा प्रश्न विलायतेहून आला असेही नाही. महात्मा गांधींनी वॉटसन यांच्या संघापूर्वी तीन दशके, १९१२ साली, दक्षिण आफ्रिकेतील टॉल्स्टॉय फार्मवर कॅलनबाख यांच्यासह दूध सोडले होते. कलकत्त्याकडे गाई-म्हशींकडून अधिक दूध काढण्यासाठी होणाऱ्या क्रौर्याची माहिती त्यांच्या वाचनात आली होती. पुढे खेड्यातील सैन्यभरतीच्या खटपटीनंतर ते मरणाच्या दारी पोचले, तेव्हा डॉक्टरांनी दुधाचा आग्रह धरला. व्रत घेताना मनात गाय व म्हैस होती, शेळी नव्हती, ही वाट कस्तुरबांनी दाखविली आणि गांधींनी शेळीचे दूध घेतले. आत्मकथेत त्यांनी स्वच्छ लिहिले आहे की व्रताचे शब्द राहिले, आत्मा गेला, आणि ते शल्य त्यांस अखेरपर्यंत बोचत राहिले. शब्द व आत्मा यांतील हे अंतर मोजण्याची शक्ती ज्याच्यात आहे, त्याचे व्रत मोडले तरी आदरास पात्र. ज्या मुलीने गोवरी पाहून हुरड्याची मूठ खाली ठेवली, तिच्यात आम्हास त्या शक्तीचा अंश दिसला. आम्ही तिच्या मताचे नाही, आणि ताक सोडण्याचा आमचा विचारही नाही. पण तिच्या सोबत्यांनी तिच्याकडून शिकावयास हवे होते. ते तिचीच खिल्ली उडवीत बसले.

आता त्या मोटारगाडीसंबंधी दोन शब्द. चाकांवरच्या स्वयंपाकघराचा जन्म अमेरिकेत टेक्सास प्रांती १८६६ साली चार्ल्स गुडनाइट याच्या गाड्याने झाला, असे सांगतात. हजारो जनावरांचे कळप शेकडो मैल हाकीत विक्रीसाठी नेणाऱ्या गुराख्यांस रानात जेवण मिळावे, म्हणून त्याने तो बनविला. जनावरे विकण्यासाठी जन्मलेल्या गाडीत आज जनावरांच्या मुक्तीचा प्रचार चालतो. काळाचे असे विनोद पाहण्यासारखे असतात. आमच्या मते मात्र महाराष्ट्रास ही गाडी बाहेरून आणण्याची गरज नव्हती. १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी सुरू केल्याचे मानले जाणारे वडापावाचे खाद्य घ्या. बटाटा, बेसन, तेल, पाव, सुक्या खोबऱ्याची व लसणाची चटणी. पावास लोणी फासले नाही तर त्यात जनावराचे काही नाही. मटकीची मिसळ तशीच, कांदेपोहेही तसेच. गिरणीकामगाराने वडापाव खाल्ला तो स्वस्त होता, उभ्याने खाता येत होता आणि पोट भरत होते म्हणून. त्या हातगाडीवर कोणी कोणास उपदेश केला नाही. पिंगळीच्या मोटारगाडीवर उपदेशाचे फलक चार होते, आणि पदार्थांचे दर असे की हुरडा चोळणाऱ्या त्या दोघी बायांनी दिवसभरात तिकडे एकदाही पाहिले नाही.

त्या गाडीत चहासाठी परक्या देशातील ओट धान्याचे दूध ठेवलेले होते, पुठ्ठ्याच्या डब्यांतून आलेले. गाडी उभी होती त्या जमिनीतून नुकतेच सोयाबीन निघालेले होते; त्याची वाळलेली धसकटे चाकांखाली चिरडत होती. या सोयाबीनचे पुढे काय होते? ते आडतीवर जाते, तेथून लातूरसारख्या बाजारांतून तेलाच्या कारखान्यांत जाते. तेल निघाल्यावर जी पेंड उरते तीत प्रथिने भरपूर, आणि ती बहुतांशी कोंबड्यांच्या खाद्यात जाते. म्हणजे ज्या दाण्यापासून पूर्वेकडील देश शतकानुशतके दूध आणि पनीरासारखा पदार्थ करीत आले, तो आमच्या शिवारात पिकतो, आणि कोंबडीच्या पोटातून फिरून शहरातील ताटात मांस होऊन येतो. यावर एकाही फलकावर अक्षर नव्हते. परभणीस कृषी विद्यापीठाचे अन्नतंत्र महाविद्यालय आहे. सोयाबीन भिजवून, वाटून, उकळून त्याचे दूध काढण्याची कृती गुप्त नाही आणि तिला लागणारे यंत्रही एखाद्या महिला बचत गटाच्या आवाक्याबाहेरचे नाही. त्या दुधास जो एक कच्चा, हिरवट वास येतो तो नीट उकळल्याने कमी होतो, आणि आले-वेलदोडा घातल्यावर बहुतेकांस कळतही नाही. परभणीच्या स्थानकाबाहेर, फलाटावरून उतरणाऱ्या माणसास परवडेल अशा दराने, शिवारातल्याच सोयाबीनच्या दुधाचा चहा देणारी एखादी हातगाडी या मंडळींनी पुढील वर्षी उभी केली, तर तिच्यावर लिहिण्यासाठी आम्ही आमची लेखणी आनंदाने उचलू. आणि चहा चांगला नसेल तर तेही लिहू.